चारशे विहिरींचे अप्पा

चाळीस विहिरी छापायच्या होत्या, मी चारशे छापल्या.

यात वीज गेली नव्हती की मशीन बिघडलं नव्हतं. चौसाळ्यात माझा छापखाना होता. छपाईचं एक ट्रेडल, कापायला एक कटर, लग्नसराईत मिजास आणि उरलेलं वर्षभर माशा. एका तावात दहा पत्ते बसायचे. चाळीस विहिरी म्हणजे चार ताव. मी ‘चाळीस’ एवढंच डोक्यात ठेवलं आणि चाळीस ताव छापून, कापून, सुतळीनं बांधून मोकळा झालो. भागाकार तिसरीत शिकवतात. त्या वर्गात मी पहिल्या बाकावर बसायचो, तेव्हा दोष मागच्या बाकावर ढकलण्याचीही सोय नाही.

या विहिरी म्हणजे मन्मथअप्पांच्या खेळातले पत्ते. अप्पांचं हायवेच्या कडेला चहापत्तीचं दुकान. पाठीला पोक नाही, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि समोर पितळी तराजू. दुकानात गेल्यावर ‘शरणार्थ अप्पा’ म्हणायचं, आणि अप्पांनी मान न उचलता फळीकडं बोट करायचं, म्हणजे बसा. पाहिलं तेव्हा त्यांच्या तराजूत काहीतरी असायचंच. एकदा मी गेलो तर एका पारड्यात विहिरीचा एक पत्ता आणि दुसऱ्यात ज्वारीचे चार. काटा जागचा हलत नव्हता. त्या तराजूला पाच पत्ते म्हणजे पाच माशा.

मी म्हणालो, अप्पा, कागदाचं वजन ह्यात कळायचं नाही.

“कागदाचं कोन बघतंय,” अप्पा म्हणाले. “हाताला इच्चारतोय.” आणि ज्वारीचा एक पत्ता काढून घेत स्वतःशीच पुटपुटले, “एका बाजूला जातंय.”

‘एका बाजूला जातंय’ हे अप्पांचं आयुष्यभराचं दुखणं. लग्नात ते मुलीकडचे म्हणून जायचे आणि मुलाकडं माणसं कमी दिसली की अक्षता घेऊन पलीकडं जाऊन उभे राहायचे. भजनात जी रांग बारीक आवाजाची, तिच्यात बसायचे. त्यांचा स्वतःचा आवाज फुटक्या डब्यासारखा असल्यामुळं ती रांग आणखीच बारीक व्हायची. एका अंत्ययात्रेत त्यांनी खांदेकरी थांबवून उंच माणसं एकीकडं आणि ठेंगणी दुसरीकडं आलीत हे सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं आणि अदलाबदल करूनच पुढं जाऊ दिलं. मयताच्या भावालासुद्धा बोलता आलं नाही, कारण तिरडी त्यानंतर खरंच सरळ चालली.

अशा माणसानं पत्त्यांचा खेळ का काढला, याचं कारण गावाला माहीत होतं. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. त्या वर्षांत बाजारात नवं वारं आलं होतं. गावात एसटीडीचं पिवळं बूथ आलं, घरांवर केबलच्या तारा आल्या, आणि प्रत्येक किराणा दुकानात कंपन्यांच्या चहाच्या छोट्या पुड्या माळांसारख्या लोंबायला लागल्या. वरून एक पुडी फाडून घ्यायची, की झालं. अप्पांची चहापत्ती सुटी. दाणा आणि भुकटी त्यांच्या हातानं मिसळलेली. तेव्हा अप्पांनी आपल्या प्रत्येक पावशेराच्या पुड्यात एक पत्ता घालायला सुरुवात केली. पत्ते जमवायचे आणि खेळायचे. खेळाचं नाव ‘हंगाम’. चित्रं अप्पांची, छपाई माझी, पुठ्ठा लग्नपत्रिकांचा उरलेला. त्यामुळं काही विहिरींना अत्तराचा वास यायचा.

खेळ सोपा होता. दर फेरीला पावसाची एक घागर सगळ्यांना फुकट. ज्वारी एका घागरीत येते आणि एक गाडी माल देते. ऊस पाच घागरी पितो, पुढच्या फेरीला पुन्हा पाच पितो, मग चार गाड्या देतो. विहिरीचा पत्ता मांडला की दर फेरीला पाच घागरी तुमच्या. न वापरलेलं पाणी साठवायचं नाही, खोदलेली विहीर बुजवायची नाही. वीस गाड्या ज्याच्या आधी, तो जिंकला.

पहिल्या खेपेला अप्पांनी विहिरी अगदी मोजक्या घातल्या आणि गडबड तिथंच झाली. गावात सगळ्यांत जास्त चहापत्ती घेणार कोण, तर स्टँडसमोरचा हॉटेलवाला बंकट. दुकानातली निम्मी पत्ती एकटा उचलायचा. साहजिकच विहिरी बंकटकडं गेल्या. तो फळीवर बसायचा, विहीर मांडायचा, पाचव्या फेरीला वीस गाड्या भरायचा आणि मिशीवरून हात फिरवत उठायचा. बाकीचे ज्वारीचे पत्ते हातात धरून बघत राहायचे.

“ह्याला खेळ म्हनत न्हाईत,” अप्पा म्हणाले. “ह्याला तालुका म्हनतेत.”

म्हणून दुसऱ्या खेपेला त्यांनी आणखी चाळीस विहिरी सांगितल्या. आठ दिवस तराजूपुढं बसून काढलेला आकडा होता तो. पस्तीस कमी पडतात आणि पंचेचाळीस जास्त होतात, असं त्यांनी मला दोनदा बजावलं होतं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

कापताना गठ्ठा मला जरा जाड वाटला होता, हेही कबूल करतो. पण मी म्हटलं, विहिरी आहेत, विंचू नाहीत. जास्त झाल्या तर लोक खूषच होतील. आणि गप्प बसलो. अप्पांनी माझ्या भरवशावर गठ्ठा न मोजता पुड्यांत भरला.

महिनाभरात गावात कुणालाच पाण्याची ददात उरली नाही. जो तो ऊस. फळीवर बसायचं, आपापल्या विहिरी मांडायच्या, आपापला ऊस लावायचा आणि शेजाऱ्याकडं न बघता मोजत सुटायचं. कुणाला कुणाशी देवघेव करायची गरज नाही, भांडायची तर त्याहून नाही. ज्वारीचे पत्ते बंकटनं हॉटेलातल्या डुगडुगत्या टेबलांच्या पायांखाली घातले. शेवटी पिठाच्या गिरणीवाल्या शेवंताबाई अंगावरचं पीठ झटकत अप्पांच्या दुकानात आल्या. या बाई तोंडानं फटकळ आणि खेळात वस्ताद.

“अप्पा,” त्या म्हणाल्या, “मव्ह्या घरात नऊ विहिरी झाल्या. आन् प्यायला टँकरच येतोय. ह्यो कसला खेळ काढला तुमी?”

अप्पा त्याच पावली छापखान्यात आले. मी आधी म्हणालो, ब्लॉक अडकला असेल. मग म्हणालो, शाई पसरली असेल. शाई पसरून तीनशे साठ विहिरी होत नाहीत, हे माझ्याच लक्षात आल्यावर मी तावांचा भागाकार सांगितला. अप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कटरवरचा एक ताव उचलला आणि त्याच्यावरचे पत्ते बोटानं दहापर्यंत मोजले.

चूक निस्तरायला मी लगेच तीन उपाय सुचवले. पहिला, दुसऱ्या खेपेच्या विहिरींची चौकट जरा जाड उठली आहे. जाड चौकटीची विहीर खोटी, असं जाहीर करू. अप्पा म्हणाले, “लोकांनी इस्वासानं घेतलाय पत्ता. हातात दिलेल्या पत्त्याला मागनं खोटं म्हनायचं न्हाई.” दुसरा, टोळधाडीचा पत्ता काढू. त्यावर ते म्हणाले की टोळ आधी ज्वारी खातात. तिसऱ्या उपायाचा तर मी नमुनाच छापून दाखवला. केळीचा पत्ता, दहा गाड्यांचा. उसाला जड असं काहीतरी मोठं पाहिजे, हा माझा विचार. अप्पांनी केळीचा पत्ता तराजूत टाकला, लगेच काढला आणि मला परत दिला. “दोनी पारड्यांत धोंडे घालून काटा सरळ व्हतो,” ते म्हणाले. “पर मंग तराजू मोडतो.”

पुढचे कितीतरी दिवस दुपारी दुकानावरून जाताना एक नवलच दिसायचं. फळीवर चौघांचा डाव मांडलेला, आणि अप्पा एकटेच चारही जागी बसून खेळताहेत. या जागेवरून पत्ता टाकायचा, धोतर सावरत उठायचं, दुसऱ्या जागी बसायचं आणि तिथून पहिल्याला शिव्या द्यायच्या. “कावून दाबून ठिवली बे विहीर?” मग पहिल्या जागेवर येऊन, “मव्ही विहीर हाय, मी दाबीन न्हाईतर उघडीन.” गिऱ्हाईक आलं तर ते चौथ्या अप्पांचा पत्ता पडेपर्यंत उभं राहायचं. एकदा तिसऱ्या जागेवरचे अप्पा रुसून उठले आणि अर्धा तास परत बसलेच नाहीत. गाव म्हणू लागलं, म्हातारा कामातून गेला. मी मान डोलवायचो, कारण म्हातारा जाण्याचं कारण कुणी विचारलं तर ते माझ्याच छापखान्यापर्यंत येत होतं.

आणि एका सकाळी दुकानाच्या फळ्यावर खडूनं एकच ओळ आली. ‘मांडावर सगळ्यांच्या मिळून चार विहिरी झाल्या की सगळ्या विहिरी एकेका घागरीवर येतील.’

पत्ता एकही बदलला नव्हता. कुणाच्या हातातलं काही काढून घेतलं नव्हतं. पण आपल्याकडं शेजाऱ्यानं बोअर मारला की आपली विहीर कशी आटते, हे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक. संध्याकाळपर्यंत फळीवर बोलाचाली सुरू झाली. तू एक उघड, मी एक उघडतो, चौथी कुणी काढायची नाही. मग चौथी कुणीतरी काढायचंच, आणि त्यावर कल्ला. शेवंताबाईंनी तर विहीर न उघडण्याच्या बोलीवर दोघांकडून ज्वारीचे सहा पत्ते उकळले.

बंकटला हे मानवलं नाही. त्याच्याकडं विहिरींची चळत होती आणि आता चळतीचा उपयोग नव्हता. तो भर बाजारच्या दिवशी दुकानापुढं येऊन म्हणाला, “अप्पा, लोकं हरायला लागले म्हनून नेम बदलता व्हय. नारायणगडाची आन घेऊन सांगतो, बसा माज्यासंगं. मी जिंकलो की उद्यापासून हॉटेलात कंपनीच्या पुड्या. तुमी जिंकलाव तर जलमभर तुमचीच पत्ती.”

हे बोलणं साधं नव्हतं. बंकटची निम्मी पत्ती गेली की दुकान महिनाभरही टिकत नव्हतं. अप्पांच्या सौभाग्यवती लातूरला लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला म्हणून गेल्या होत्या आणि तिसरं बाळंतपण झालं तरी परतल्या नव्हत्या. दुकान बंद करून इकडंच या, असा त्यांचा दर महिन्याला निरोप यायचा. अप्पांकडं त्याला एकच उत्तर होतं, दुकान चालू आहे. तेही उत्तर आता त्या फळीवर मांडलं जाणार होतं.

अप्पांनी हात धुतले, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि बसले. आव्हान बंकटचं, म्हणून दर फेरीला पहिला हात अप्पांचा. मी त्यांच्या मागं उभा राहिलो. धीर द्यायला म्हणून. पुढं बाजाराची सगळी गर्दी. कोथिंबीरवाले कोथिंबीर टाकून आले होते.

बंकट हुशार होता. त्यानं एकेक करून तीनच विहिरी उघडल्या. चौथी उघडली तर आपण बुडू, हे तो जाणून होता. तीन विहिरी आणि पाऊस मिळून सोळा घागरी. चौथ्या फेरीला त्याच्या सोळा गाड्या भरल्या आणि एक ऊस उभा राहिला, पुढच्या पाण्यावर येणारा. म्हणजे वीस. अप्पांनी तोवर पावसाच्या घागरीवर एकेक ज्वारी लावली होती. त्यांच्या चार गाड्या. सोळाला चार. बंकटनं हॉटेलातल्या पोऱ्याला हाक मारून सगळ्यांना चहा सांगितला, आणि शेवटचा अप्पांच्या पत्तीचा पिऊन घ्या म्हणाला.

पाचव्या फेरीला अप्पांनी आपली एकुलती विहीर काढली आणि मांडली. चौथी विहीर.

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग शेवंताबाई हसल्या आणि गर्दीला कळलं. बंकटच्या तीन विहिरींच्या तीन घागरी, पावसाची एक. चार. उसाला पाच लागतात. एका घागरीसाठी त्याचा उभा ऊस वाळला आणि पत्ता बाहेर गेला.

“सोताचीच विहीर आटवून घेतली म्हाताऱ्यानं,” बंकट म्हणाला. त्याच्या हिशेबात सगळं बसत होतं. विहिरीच्या मालकानं आपणहोऊन विहीर आटवणं, तेवढं बसत नव्हतं.

आता अप्पांकडं दोन घागरी, दोन ज्वारी. सहा गाड्या. बंकटकडं चार घागरी पाणी आणि लावायला काही नाही. हातात नुसता ऊस, ज्वारी सगळी टेबलांच्या पायांखाली. दर फेरीला दोन गाड्यांनी अप्पा सात फेऱ्यांत आरामात वीस करणार होते आणि बंकट सोळावर बसून राहणार होता. हे मलासुद्धा कळलं, म्हणजे बघा.

बंकटनं पत्ते गोळा केले, फळीवर आपटले आणि उठायला लागला. हरलो म्हणाला नाही. ह्याच्यात राम न्हाई म्हणाला.

तेव्हा अप्पा म्हणाले, “बस बे. ज्वारी पाहिजे का? दर फेरीला एक देतो. दोन घागरी पानी दे.”

मी अप्पांच्या पाठीला चिमटा काढला. बंकटला जिंकायला चारच ज्वाऱ्या लागत होत्या. अप्पांना चौदा. पुन्हा चिमटा काढला तर शेवंताबाईंनी माझा हात धरून बाजूला केला. बंकट बसला. अप्पांनी चार घागरींत चार ज्वारी लावल्या, दहा गाड्या. बंकटनं एक लावली, सतरा. पुढं चौदा आणि अठरा. मग अठरा आणि एकोणीस. हॉटेलात दूध उतू गेलं त्याचा वास आला, कुणी हललं नाही. आणि नवव्या फेरीला, आधी हात अप्पांचा असल्यामुळं, अप्पांनी आपल्या दोन घागरींत दोन ज्वारी मांडल्या. वीस.

कोथिंबीरवाल्यांनी अप्पांना खांद्यावर घेतलं. अप्पा वरून ओरडत होते की उजवीकडचा खांदा खाली जातोय. बंकटनं मिशीवरून हात फिरवला, खाली बघितलं आणि पाच किलो पत्ती बांधा म्हणाला. जाताना ज्वारीचे चार पत्तेही मागून घेऊन गेला. टेबलांखालचीही सगळी ज्वारी त्यानं काढून घेतली. टेबलं त्या दिवसापासून डुगडुगतात.

पुढच्या बाजारी मी दुकानात गेलो तेव्हा फळीवर बसायला जेमतेम जागा मिळाली. बंकट कुणाशी तरी दोन घागरींवरून हुज्जत घालत होता. मी अप्पांना हळूच विचारलं, त्या दिवशी त्याला ज्वारी का दिली? नसती दिली तर तुम्ही निवांत जिंकत होता.

अप्पा पत्ती मिसळत होते. हात न थांबवता म्हणाले, “जिंकलो आस्तो की. पर त्याच्या हातात करन्यासारखं काय न्हाई म्हनल्यावर त्यो उठला आस्ता. एक उठला की दुसरा उठतो.”

पुढचं बोलले ते पत्तीकडं बघून. पूर्वी बाया सुटी पत्ती घ्यायला यायच्या. तळहातावर घेऊन वास घ्यायच्या, नावं ठेवायच्या, घोटभर करून पाजा म्हणायच्या, घरचं सांगायच्या, आणि फळी रिकामी म्हणून कधी राहायची नाही. माळा लोंबायला लागल्यापासून माणूस येतो, तोडतो, जातो.

“सकाळधरनं दुपारपत्तर माज्यासंगं कुनी बोललं न्हाई, आसे दिस मोजायलो व्हतो मी,” अप्पा म्हणाले. “मंग मोजायचं सोडलं आन् पत्ते काढले. ज्याच्यापाशी समदं हाय, त्यो बसत न्हाई. ज्याच्यापाशी कायच न्हाई, त्येला बसू देत न्हाईत. दोघं बी बसले पाहिजेत, आसं व्हतं का, ते बघायचं व्हतं. चहापत्ती काय, कुनाची बी चालती.”

आम्ही सगळे तो खेळ चहा खपवायला काढला असं समजत होतो. अप्पा तर माणसं बसवण्यासाठी चहा विकत होते. या माणसाला काहीतरी मोठं, जन्मभर लक्षात राहील असं बोलावं म्हणून मी फळीवर जरा ऐसपैस सरकून बसलो आणि शब्द जुळवायला लागलो.

पाठीमागून शेवंताबाईंनी माझ्या खांद्यावर पिठाचं बोट टोचलं.

“पिरेसवाले, खेळायचं नसंल तर उठा. कवाधरनं उभी हाय मी.”